नाव, बदनामी आणि लाखभर खुर्च्या

खेड तालुक्यातल्या मुंबके गावात पावणेदोन गुंठ्यांचा एक तुकडा आहे. जानेवारी 2024 मध्ये तस्करांच्या मालमत्ता जप्त करण्याच्या कायद्याखाली मुंबईत त्याचा लिलाव झाला. राखीव किंमत होती 15,440 रुपये. बोली लागली 2 कोटी 1 लाखाची. जमीन तीच आणि माती तीच. फरक एवढाच की ती दाऊद इब्राहिमच्या कुटुंबाची होती.

या एका नावामुळे रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला परमुलखात अजून ऐकून घ्यावे लागते. "म्हणजे डॉनच्या गावचे तुम्ही!" हा पहिला गैरसमज, आणि तो आधी निस्तरलेला बरा. दाऊद लहानाचा मोठा झाला तो मुंबईत, डोंगरीच्या गल्ल्यांत. वडील मुंबई पोलिसांत हवालदार. टोळी उभी राहिली ती मुंबईच्या बंदरावर उतरणाऱ्या चोरट्या मालावर. मुंबक्याच्या वाट्याला त्यातले आले ते फक्त नाव, आणि लिलावाच्या दिवशी दूरचित्रवाणीचे कॅमेरे.

गावाचे जे झाले तेच मोठ्या प्रमाणावर मुंबईचे झाले आहे. टोळीयुद्ध, खंडणी, भर रस्त्यात गोळीबार ही प्रतिमा 1998 च्या 'सत्या' चित्रपटापासून पडद्यावर इतक्यांदा आली, की ती शहराच्या स्वभावाचाच भाग वाटू लागली. त्यात आता एका नव्या वादाची भर पडली आहे. मे 2025 मध्ये वानखेडे स्टेडियममधल्या रोहित शर्मा, शरद पवार आणि अजित वाडेकर यांच्या नावांच्या स्टँडचे अनावरण झाले. त्या वेळी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईसाठी एक लाख प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियमची कल्पना मांडली. जागा सरकार देईल, असेही सांगितले. मुंबई क्रिकेट असोसिएशनची स्थापना 1930 ची, म्हणजे शताब्दी तोंडावर आहे. समृद्धी महामार्ग जिथे संपतो त्या भिवंडी तालुक्यातल्या आमणे परिसराचे नाव त्याआधीपासूनच चर्चेत होते.

मग ट्रेनच्या डब्यात, ऑफिसात, गावी आलेल्या चाकरमान्यांच्या पडवीत दोन बाजू पडतात. एक म्हणते, जिथे गुन्हेगारी आवरत नाही तिथे स्टेडियम कशाला? दुसरी म्हणते, स्टेडियम झाले की पोरे वाईट मार्गाला लागणार नाहीत. दोन्ही बाजू मनापासून बोलतात आणि दोन्हींचा पाया कच्चा आहे.

आधी गुन्हेगारीचे पाहू. मुंबईच्या टोळ्या आभाळातून पडल्या नाहीत. 1968 च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याच्या व्यवहारावर जबर बंधने आणली आणि चोरट्या सोन्यात अफाट नफा आला. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले हजारो पुन्हा कधी आत गेलेच नाहीत.

इथे रत्नागिरीच्या वाचकाने क्षणभर थांबायला हवे. लालबाग-परळच्या चाळीतला तो कामगार बहुतेकदा कोकणातला किंवा घाटावरचा होता. महिन्याच्या सुरुवातीला पोस्टमन वाडीत यायचा, अंगठा किंवा सही घ्यायचा आणि मोजून नोटा हातावर ठेवायचा. त्या मनीऑर्डरीवर इथल्या चुली पेटत. संपानंतर ती येईनाशी झाली. गिरणगावात बापाची नोकरी गेली आणि मुलाला ती मिळण्याची आशाही गेली. त्या रिकाम्या हातांतले काही टोळ्यांनी उचलले. गुन्हेगारी शहराच्या रक्तात असते असे म्हणणाऱ्याला ही साखळी दिसत नाही.

पुढे चित्र बदलले, त्यालाही कारणे होती. 1990 मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, पाठोपाठ आयात खुली होत गेली आणि सोन्याच्या तस्करीतला नफा आटला. टोळ्या खंडणीकडे वळल्या. ऑगस्ट 1997 मध्ये झालेली संगीत-उद्योजक गुलशनकुमार यांची हत्या त्याच काळातली. 1999 मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध मोक्का कायदा आला. ज्या मुंबईची भीती घालून गावी आजही मुलींना तिकडे नोकरीला पाठवायला कचरतात, ती मुंबई पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची आहे.

"पण आकडे तर वाढतच आहेत ना?" हा पुढचा प्रश्न. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल आला की वर्तमानपत्रांत शहरांची क्रमवारी लागते आणि कुणाला तरी 'क्राइम कॅपिटल' ठरवले जाते. नागपूरने हा शिक्का वर्षानुवर्षे सोसला आहे. क्रमवारी वाचताना एक गोष्ट सुटते. महानगरांचा दर काढताना छेदस्थानी लोकसंख्या घेतली जाते ती 2011 च्या जनगणनेची. 2022 चे गुन्हे भागिले 2011 ची माणसे, असा हा भागाकार. पुण्यासाठी 50.5 लाख आणि नागपूरसाठी सुमारे 25 लाख हेच आकडे धरले जातात, मधल्या काळात शहर कितीही पसरलेले असो. जे शहर जास्त वाढले ते कागदावर जास्त वाईट दिसणारच.

तरीही 2022 च्या अहवालात वीस लाखांहून मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे सर्वांत कमी गुन्हे असलेल्या तीन शहरांत पुणे दुसरे होते: कोलकाता 86.5, पुणे 280.7, हैदराबाद 299.2. गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो विभाग स्वतःच बजावतो. दिल्लीत 2015 पासून वाहनचोरीची तक्रार ऑनलाइन नोंदवता येऊ लागली. जिथे तक्रार घरबसल्या होते तिथे आकडा फुगतो. जिथे पोलीस ठाण्याच्या पायरीवरूनच माणसाला परत पाठवतात तिथे तो सडपातळ राहतो. म्हणून कमी आकड्याचे शहर सुरक्षितच असेल असे धरून चालणे धोक्याचे आहे.

आणि आजचा धोका डोंगरीतही नाही आणि मुंबक्यातही नाही, तो हातातल्या मोबाइलमध्ये आहे. 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी देऊन व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवणारा भामटा मुंबईतल्या निवृत्ताला गाठतो, तसाच कोकणात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यालाही गाठतो. भारताच्या कायद्यात अशी फोनवरची अटक नाहीच. पैसे गेले तर लगेच 1930 या क्रमांकावर कळवायचे, पहिले तास मोलाचे असतात. शहराच्या बदनामीवर रंगणाऱ्या गप्पांतला थोडा वेळ घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे समजावण्यात गेला तर फार बरे.

आता स्टेडियम. स्टेडियमच्या सुरक्षिततेचा शहरातल्या गुन्हेगारीशी फारच थोडा संबंध असतो. 4 जुलै 2024 ला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या संघासाठी मरीन ड्राइव्हवर लोटलेली गर्दी आठवा. ती पांगल्यावर रस्त्यावर चपला-बुटांचे ढीग उरले होते. अकरा महिन्यांनी, 4 जून 2025 ला, बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर अशाच विजयोत्सवात चेंगराचेंगरी झाली आणि 11 जण गेले. मारेकरी कुणी नव्हता. अरुंद दारे, आयत्या वेळच्या घोषणा आणि आवाक्याबाहेरची गर्दी एवढे पुरले. चौकशी आयोगाने ते मैदान मोठ्या गर्दीसाठी असुरक्षित ठरवले, महिला विश्वचषकाचे सामने तिथून हलले आणि नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला मिळाले. 2 नोव्हेंबर 2025 ला भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक उंचावला, तो तिथे.

यातून आणखी एक समजूत तपासता येते: 'मुंबईत मैदान अपुरे आहे.' ब्रेबॉर्न 1937 चे, वानखेडे 1975 च्या कसोटीने सुरू झालेले, डी. वाय. पाटील 2008 चे. वानखेडेचा जन्मच तिकिटांच्या भांडणातून झाला. ब्रेबॉर्न ज्यांच्या ताब्यात, त्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी मुंबई असोसिएशनचे पटेना, तेव्हा मूळचे नागपूरचे बॅ. शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे मैदान उभे केले, तेही सुमारे तेरा महिन्यांत. 2011 च्या विश्वचषकासाठी त्याची पुनर्बांधणी झाली आणि खुर्च्या उलट घटून 33 हजारांच्या आसपास आल्या. अहमदाबादच्या स्टेडियममध्ये 1 लाख 32 हजार प्रेक्षक बसतात. अंतिम सामन्याला वानखेडे तोकडे पडते, हे खरेच. पण असे सामने वर्षात किती? आयपीएलचे सातेक घरचे सामने आणि एखाददुसरा आंतरराष्ट्रीय. उरलेले साडेतीनशे दिवस लाखभर खुर्च्यांवर काय बसणार, याचे उत्तर आराखड्यात आधी लिहिलेले हवे.

वानखेडेची खरी श्रीमंती खुर्च्यांत नाहीच. चर्चगेट स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर आहे, ती श्रीमंती. सामना संपला की लोकल हजारोंना उचलून नेते. नागपूरने सिव्हिल लाइन्समधले जुने मैदान मागे टाकून वर्धा रोडवर जामठ्याला 45 हजारांचे देखणे स्टेडियम उभारले. नोव्हेंबर 2008 मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. सौरव गांगुलीची शेवटची कसोटी, समोर ऑस्ट्रेलिया, मालिका जिंकण्याची संधी; आणि स्टँड बरेचसे ओस. आमण्याला रस्ता उत्तम पोहोचला आहे, पण लाख माणसे मोटारीने आली तर उतरणार कुठे आणि रात्री अकराला परतणार कशी? रेल्वे नसेल तर या प्रश्नाला उत्तर नाही.

पाण्याचाही हिशेब आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी जात होते, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. मुंबईतला अंतिम सामनाही गेला. ज्या ठाणे जिल्ह्याच्या धरणांतून मुंबई पाणी पिते, त्याच जिल्ह्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन मैलभर चालतात. तिथे हिरवळ राखायची तर सांडपाण्यावर प्रक्रिया करूनच, हे पहिल्या दिवशी ठरले पाहिजे.

'स्टेडियम स्वतःचा खर्च स्वतः काढते' ही समजूत तर सगळ्यांत चिवट. स्टेडियममुळे आसपासची अर्थव्यवस्था फुलते, हे अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांना दशकानुदशके शोधूनही फारसे सापडलेले नाही. माणूस सामन्यावर खर्चतो ते बहुधा सिनेमा किंवा हॉटेलातून वाचवलेले पैसे. 2014 च्या विश्वचषकासाठी ब्राझीलने राजधानीत प्रचंड खर्चून मैदान बांधले, पुढे त्याच्या वाहनतळावर शहर बस उभ्या राहू लागल्या. इकडे 2023 मध्ये राज्य सरकारने क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क घटवले आणि ती सवलत 2011 पासून मागे लागू केली. त्यावर उच्च न्यायालयाने जाब विचारला. बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई त्या रात्री आपल्या ठाण्याच्या हद्दीत नसतो. गुन्हेगारी आणि स्टेडियम यांचा खराखुरा संबंध कुठे असेलच, तर तो या हजेरीपटात.

राहिली 'खेळाडू घडतात' ही गोष्ट. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी फेब्रुवारी 1988 मध्ये 664 धावांची अभंग भागीदारी केली ती आझाद मैदानावर, जिथे एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. मुले वाईट मार्गाला लागू नयेत असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी अशा मोकळ्या मैदानांवरची अतिक्रमणे आधी मोजावीत. लाखाच्या स्टेडियममध्ये मुलगा तिकीट काढून बसतो. मैदानात तो धावतो.

रत्नागिरीत अनेकांना वाटते, की मुंबईत स्टेडियम झाले तर इथल्या पोरांची सोय होईल. होणार नाही. रत्नागिरी जिल्हा मुंबई असोसिएशनकडे येतच नाही, तो पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे आहे. दोन्हींची इंग्रजी आद्याक्षरे 'एमसीए' असल्याने घोळ होतो. त्या संघटनेचे घर पुण्याबाहेर गहुंजेला, द्रुतगती मार्गालगत. 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. अंतिम सामना पावसात वाहून गेला आणि गुणतक्त्यात वरचढ म्हणून रत्नागिरी जेट्स विजेते ठरले. 2024 मध्ये त्यांनी पुन्हा चषक जिंकला. दोन्ही हंगामांचे सामने गहुंज्यात झाले. रत्नागिरीच्या नावाचा संघ लागोपाठ दोनदा राज्यात पहिला आला आणि रत्नागिरीकराला तो पाहायला घाट चढून तीनशेच्या आसपास किलोमीटर जावे लागले. बहुतेकांनी तो मोबाइलवर पाहिला, शेतीची कामे सांभाळत.