शहराची चाके – लेखांक ९ : पॅरिसच्या वेशीवर परतलेली ट्राम

पॅरिसच्या हद्दीतली शेवटची ट्राम १९३७च्या मार्चमध्ये धावली. त्यानंतर जवळपास सत्तर वर्षे या शहराचे प्रवासी भुयारातून मेट्रोने आणि वरून बसने फिरत राहिले. १६ डिसेंबर २००६ रोजी ट्राम शहरात परत आली, पण शहराच्या पोटात नाही. ऑपेरा, नोत्र दाम, शाँझेलिझे यांच्या आसपास ती आजही दिसत नाही. ती आली दक्षिण कडेला, पाँ द्यू गारिग्लिआनो ते पोर्त दिव्री अशा ७.९ किलोमीटरच्या पट्ट्यात. ‘टी-थ्री’ हे तिचे नाव. परतणाऱ्या ट्रामने हीच जागा का निवडली, हे कळले की ट्राम परत आणण्याच्या खटाटोपाचा बराचसा उलगडा होतो.

रस्त्यात रूळ टाकणे पॅरिसला नवे नव्हते. १८५०च्या दशकात आल्फाँस लुबा याने सेन नदीकाठी घोड्यांची ट्राम चालवून दाखवली. त्याच्या रुळाला खाच होती. गाडीच्या चाकाची कड त्या खाचेत बसे आणि रुळाचा माथा रस्त्याच्या पातळीत राही, त्यामुळे टांग्याला किंवा पायी जाणाऱ्याला अडथळा होत नसे. अमेरिकेत शिकून आलेली ही युक्ती म्हणून लोक तिला ‘अमेरिकी रेल्वे’ म्हणत. पुढे वीज आली आणि १९२०च्या दशकात पॅरिस आणि उपनगरे मिळून ट्रामचे जाळे हजार किलोमीटरच्या पुढे गेले. मग मोटारी वाढल्या. ट्राम रस्त्याच्या मधोमध चाले, प्रवाशाला मोटारींच्या गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचावे लागे आणि तिला बाजूला सरकता येत नसे. एक मोटार रुळावर अडकली की मागे ट्रामची रांग लागे. दोष अडकलेल्या मोटारीचा, पण गेली ट्राम. बस सरकू शकते, हा त्या काळचा बिनतोड युक्तिवाद होता. मुंबईतही तोच चालला. तिथली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. ‘दादर टीटी’ म्हणणाऱ्या किती जणांना त्यातला टीटी म्हणजे ‘ट्राम टर्मिनस’ हे ठाऊक असते, कोण जाणे!

फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर ट्राम इतकी उखडली गेली की १९७०च्या सुमारास लील, मार्से आणि सँ-तेतिएन या तीनच शहरांत ती उरली होती. फेरविचार सुरू झाला तो तेलाच्या धक्क्यानंतर. १९७५ साली वाहतूक खात्याचे राज्यसचिव मार्सेल काव्हाये यांनी आठ शहरांना पत्र लिहून रस्त्यावरच्या विद्युत वाहतुकीचे आराखडे मागवले. गंमत अशी, की त्या आठांच्या यादीत नसलेले नांत शहर सर्वांच्या पुढे गेले आणि १९८५च्या जानेवारीत तिथे नवी ट्राम धावू लागली. पाठोपाठ १९८७मध्ये ग्रनोब्लने खाली टेकलेल्या तळाची गाडी आणली. पैशाची सोय आधीच झाली होती. शहरातल्या मालकांनी पगाराच्या रकमेवर ठरावीक टक्के वाहतूक-कर भरायचा, असा कायदा पॅरिस परिसरात १९७१ साली आणि इतर मोठ्या शहरांत १९७३पासून लागू झाला. कामगार वेळेवर कामावर पोचला तर फायदा मालकाचाही होतो, हे त्यामागचे तत्त्व. असा खात्रीचा वार्षिक ओघ नसता तर बहुतेक आराखडे कपाटातच राहिले असते.

पॅरिस परिसरात पहिली नवी ट्राम १९९२ साली शहराबाहेर, उत्तरेच्या सँ-दनी आणि बोबिन्यी या उपनगरांमध्ये सुरू झाली. पॅरिसची मेट्रो आणि लोकल गाड्या चाकाच्या आऱ्यांसारख्या केंद्राकडे धावतात. त्यामुळे एका उपनगरातून शेजारच्या उपनगरात जायचे तर आधी पॅरिसमध्ये शिरा आणि मग पुन्हा बाहेर या, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. ट्रामने आऱ्यांना जोडणारी धाव पुरवली. १९९७ साली दुसरा मार्ग आला, तो सेनकाठच्या एका जुन्या रेल्वेमार्गावरून. या दोन्ही मार्गांवर प्रवासी भरपूर मिळाले आणि शहराच्या आतही ट्राम आणावी, या मागणीत जोर आला.

टी-थ्री ज्या रस्त्यांवर धावते ते रस्ते पॅरिसभोवती कड्यासारखे आहेत. १८४०च्या दशकात बांधलेल्या तटाच्या आतून लष्करासाठी एक वाट होती, तीच पुढे रुंद झाली आणि तिच्या तुकड्यांना नेपोलियनच्या सेनापतींची नावे मिळाली. तट पाडला गेला, पण वेशी नावाने उरल्या. पोर्त म्हणजे वेस. पोर्त दिव्री, पोर्त दॉर्लेआँ, पोर्त द व्हँसेन : ट्रामच्या थांब्यांची बरीच नावे अशी वेशींचीच आहेत. आपल्याकडे अहिल्यानगरात ‘माळीवाडा वेस’ म्हटल्यावर जसा पत्ता कळतो, तसेच हे.

या कड्यावर आधी बस धावत असे आणि ती कायम ओसंडून वाहत असे. मोटारींसाठी बाहेरून रिंगरोड १९७३ सालीच पुरा झाला होता. शिवाय जवळच ‘पतीत सँत्यूर’ नावाचा जुना रेल्वेमार्ग होता, त्यावरची प्रवासी वाहतूक १९३४पासून बंद पडलेली. तेव्हा तयार रूळ सोडून चालू रस्ता का खणायचा, हा सवाल बऱ्याच जणांनी केला आणि तो गैर नव्हता. पण तो मार्ग कुठे खोल खंदकातून तर कुठे भुयारातून जातो. थांबे बांधले तरी प्रवाशाला जिने चढावे-उतरावे लागले असते. त्याहून मोठे कारण वेगळे होते. महापौर बर्त्राँ दलानोए यांच्या कारभाराला नुसती गाडी नको होती, मोटारींकडे गेलेला रस्ता परत हवा होता. खंदकातल्या ट्रामने तो मिळाला नसता.

इथे थोडा हिशेब मांडावा लागतो. या मार्गावरची गाडी २.६५ मीटर रुंद आहे. जाण्या-येण्याचे दोन मार्ग आणि मधली मोकळी जागा धरली की साडेसहा मीटरच्या आसपास पट्टा लागतो, म्हणजे मोटारींच्या दोन लेन गेल्या. थांब्यावर फलाटांची जागा आणखी वेगळी. मोबदल्यात ४४ मीटर लांबीच्या एका गाडीत सुमारे ३०० माणसे जातात, जोडबसमध्ये सुमारे १००. एकच चालक तीन बसचे काम करतो. हा हिशेब ट्रामच्या बाजूने आहे खरा, पण गाडी भरत असेल तरच. रिकाम्या रस्त्यावर घातलेली ट्राम म्हणजे पांढरा हत्ती.

जुन्या ट्रामला मारणारी अडचण नव्या ट्रामने गवताने सोडवली. टी-थ्रीच्या बऱ्याच भागात दोन रुळांच्या मधे आणि बाजूला हिरवळ आहे. रुळाच्या दोन्ही अंगांना रबर बसवून काँक्रीटपासून तो वेगळा केलेला असतो, वर माती आणि मातीवर गवत. वरून दिसतात फक्त रुळाच्या चकचकीत रेघा. मोटारवाला तिथे चाक घालायला धजत नाही, आवाज मातीत जिरतो आणि उन्हाळ्यात गवताला पाणी घालण्याचा खर्च मात्र कायमचा मागे लागतो. चौकात ट्राम जवळ आली की रुळालगतच्या यंत्रणेला ती कळते आणि सिग्नल तिच्या सोयीने बदलतो. गाडीचा तळ फलाटाच्या पातळीत आहे. चाकाची पिशवी ओढणाऱ्या आजीबाई एक पायरीही न चढता आत शिरतात. मेट्रोच्या जिन्यांवर त्याच आजीबाईंना दर दहा पायऱ्यांना थांबावे लागते.

मात्र दिसणाऱ्या कामापेक्षा न दिसणारे काम मोठे असते. रूळ टाकण्याआधी त्याखालच्या जलवाहिन्या, गॅसचे पाइप, विजेच्या आणि टेलिफोनच्या केबली बाजूला हलवाव्या लागतात. कारण उद्या पाइप फुटला तर रूळ उखडून ट्राम बंद ठेवणे परवडत नाही. जुन्या शहरात जमिनीखाली नेमके काय आहे, हे नकाशावरून कधीच पुरते कळत नाही. त्याची किंमत सिडनीने मोजली. तिथली जुनी ट्राम १९६१मध्ये बंद झाली होती. जॉर्ज स्ट्रीटवरून नवी आणताना जमिनीखाली निघालेल्या केबली आणि वाहिन्यांवरून सरकार आणि ठेकेदार कोर्टात गेले, १६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज २९० कोटींच्या घरात गेला आणि काम रेंगाळले. २०१९च्या डिसेंबरमध्ये गाडी सुरू झाली तेव्हा त्या रस्त्यावरच्या अनेक दुकानदारांनी आधीच गाशा गुंडाळला होता.

दुसरी अडचण डोक्यावरची. तार ताणली की ऐतिहासिक चौकाचे रूप बिघडते, ही तक्रार फ्रान्समध्ये जुनीच. बोर्दोने २००३ साली त्यावर उपाय काढला : रुळांच्या मधोमध तिसरा रूळ, त्यात आठ मीटर वीजवाहक तुकडा आणि तीन मीटर निर्जीव तुकडा अशी साखळी. गाडी डोक्यावर असेल तेवढाच तुकडा जिवंत होतो, पुढे-मागे पाय पडला तरी धोका नाही. पहिल्या काही वर्षांत ही यंत्रणा पावसात आणि साचलेल्या पाण्यात वारंवार रुसली. आता ती स्थिरावली आहे, सिडनीच्या मध्यभागीही तीच आहे. पॅरिसच्या कड्यावर असा सुंदर चौक फारसा नाही, म्हणून तिथे साधी तारच आहे.

खर्च वाचवायच्या नादात काही शहरांनी रबरी चाके आणि वाट दाखवणारा एकच रूळ, अशी अर्धी ट्राम अर्धी बस घेतली. काँ शहराने ती २०१७च्या अखेरीस मोडीत काढून दीड वर्षाने खरी ट्राम घातली. एकाच कारखान्याच्या गाडीवर शहर अवलंबून राहिले की सुटे भाग मिळेनासे होतात, हा धडा त्यांनी दोनदा पैसे भरून घेतला.

टी-थ्री मात्र चालली. तिच्यातून रोज लाखाच्या वर माणसे जाऊ लागली आणि २०१२मध्ये मार्ग पूर्वेकडून उत्तरेला वाढवला गेला. पण सलग नाही. पोर्त द व्हँसेनला टी-थ्री-ए संपते आणि रस्ता ओलांडला की टी-थ्री-बी सुरू होते. नवख्या प्रवाशाला हा वेडेपणा वाटतो. कारण साधे आहे : मार्ग जितका लांब, तितका एका चौकातला उशीर पुढे साठत जातो आणि तीन गाड्या एकामागून एक येऊन मग बराच वेळ एकही येत नाही. मार्ग तोडला की उशीर तिथेच संपतो, त्रास मात्र प्रवाशाच्या पायाला.

उत्तरेकडून हा मार्ग २०१८मध्ये पोर्त दानिएरला आणि ५ एप्रिल २०२४ रोजी पोर्त दोफीनला पोचला. आता पोर्त दोफीन ते पाँ द्यू गारिग्लिआनो हा पश्चिमेचा तुकडा तेवढा उरला आहे. तो सोळाव्या प्रभागातून जातो, म्हणजे शहरातल्या श्रीमंत वस्तीतून. तिथे अजून बसच धावते.