लडाखची एकट्याची वाट राळेगावातच आखावी

राळेगाव तालुक्यातील वडकीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ उत्तरेकडे धरला आणि सोडलाच नाही, तर नागपूर, झाशी, आग्रा, दिल्ली, लुधियाना, जम्मू करत तो थेट श्रीनगरला पोहोचवतो. तिथून सव्वाचारशे किलोमीटरवर लेह. पोळा झाला की कापूस वेचणीला लागण्याआधी शेतकरी घरातील तरुणाला थोडी उसंत मिळते, आणि नेमके त्याच वेळी, सप्टेंबरमध्ये, लडाखचे रस्ते कोरडे व खुले असतात. त्यामुळे मोटारसायकल काढून एकट्यानेच लडाख गाठण्याचा बेत आता आडगावातही ऐकू येतो.

अशा बेतात गाडीची तयारी कसून होते. टायर, चेन, क्लच वायर, जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, सगळे तपासले जाते. शरीराची तयारी मात्र डोकेदुखीच्या चार गोळ्यांवर आटोपते. खरे तर लडाखमध्ये गाडीपेक्षा आधी शरीर कुरकुरते, आणि सोबत कोणी नसेल तर ती कुरकुर ऐकणाराही कोणी नसतो.

हवा तीच, दाब कमी

राळेगाव समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आहे. लेह ३,५०० मीटरवर, तर खारदुंग ला ही खिंड सुमारे ५,३५० मीटरवर. उंचावर हवेत ऑक्सिजन कमी असतो असे आपण म्हणतो. पण त्याचे प्रमाण तिथेही २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या साधारण दोनतृतीयांश, तर खारदुंग लावर जवळपास निम्मा होतो. दाब कमी म्हणजे प्रत्येक श्वासागणिक रक्तात उतरणारा ऑक्सिजनही कमी.

शरीर यावर स्वतःच उपाय काढते. श्वास खोल व जलद होतो, नाडी वाढते, लघवी जास्त होते, पुढे रक्तातील तांबड्या पेशीही वाढतात. पण या जुळवणीला दिवस लागतात. ती होण्याआधी माणूस आणखी वर गेला, की आरोहणाचा आजार गाठतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, थकवा, चक्कर ही त्याची सुरुवात. बहुधा पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत, म्हणजे पहिल्याच रात्री ती जाणवते.

‘मी धडधाकट आहे, मला काही होणार नाही’ हा समज इथे उपयोगाचा नाही. भारतीय सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयात तैनात झालेल्या १,९२५ सैनिकांच्या आजारपणाचा अभ्यास करून १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. या विषयावरचा तो आजही महत्त्वाचा निबंध मानला जातो. त्यातले रुग्ण कमकुवत नव्हते, सैन्याच्या कसोटीला उतरलेले जवान होते. व्यायामाने दम वाढतो, पण विरळ हवेची सवय फक्त विरळ हवेतच होते.

मुक्काम कुठे, यावर सगळे

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच थांबावे, हा साधा नियम आहे. दिवसा उंच खिंड ओलांडली तरी चालते. झोपायला खाली यावे.

या हिशेबाने श्रीनगरची वाट शरीराला मानवणारी आहे. श्रीनगर १,६०० मीटर, कारगिल २,७००, लेह ३,५००. कारगिलला दोन रात्री काढल्या आणि लेहला पोहोचल्यावर दोन पूर्ण दिवस विश्रांती घेतली, तर शरीराला पुरेसा वेळ मिळतो. मनालीची वाट अवघड पडते. मनाली २,०५० मीटरवर आहे आणि अनेक जण दुसऱ्या रात्री थेट सार्चूला, म्हणजे ४,३०० मीटरच्या आसपास तंबूत झोपतात. तिथे रात्री त्रास झाला तर खाली उतरायचे कसे? दोन्ही बाजूंना उंच खिंडी उभ्या. विमानाने जाणारा दिल्लीहून दीड तासात लेहला उतरतो. त्याने पहिले दोन दिवस खोलीतच काढावेत.

लेहनंतर नुब्रा खोऱ्यातील डिस्किट आधी करावे, कारण ते लेहपेक्षाही खाली, ३,१०० मीटरवर आहे. पँगाँग तलाव ४,२०० मीटरच्या वर आहे, म्हणून तो शेवटी. मुक्काम तलावाकाठी न करता अलीकडे टांगत्सेला केला, तर झोप चांगली लागते आणि तलावही दिवसा पाहून होतो.

सपाटीवरच्या माणसाला उंची झेपत नाही असे नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी २०१८ च्या मे महिन्यात ‘मिशन शौर्य’ मोहिमेत एव्हरेस्ट सर केले. त्यामागे अनेक महिन्यांचे प्रशिक्षण आणि हिमालयातला टप्प्याटप्प्याचा सराव होता. आठ दिवसांच्या सुट्टीत लडाख उरकणाऱ्याकडे नेमका तोच वेळ नसतो. दिवस कमी असतील तर ठिकाणे कमी करावीत.

विदर्भातल्या माणसासाठी वेगळा प्रश्न

लडाखविषयीच्या सर्वसाधारण सूचनांत एक गोष्ट सहसा नसते आणि विदर्भातल्या प्रवाशाला तीच सर्वांत आधी सांगायला हवी. ती म्हणजे सिकलसेल. विदर्भात, विशेषतः आदिवासी समाजांत, पण इतर समाजांतही सिकलसेलचा दोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. आईवडील दोघांकडून दोष आला तर ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण. एकाकडूनच आला तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाला बहुधा कसलाच त्रास नसतो. तो शेतात राबतो, कबड्डी खेळतो, पोलीस भरतीसाठी धावतो. त्यामुळे आपण वाहक आहोत हे त्याला माहीतही नसते.

सिकलसेलमधील हिमोग्लोबिन ऑक्सिजन कमी पडला की एकमेकांना चिकटते आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. राळेगावच्या हवेत वाहकाच्या बाबतीत हे सहसा घडत नाही. उंचावर घडू शकते. प्लीहा, म्हणजे पाणथरी, पोटाच्या डाव्या बाजूला बरगड्यांखाली असते. तिच्यात रक्त संथ वाहते, म्हणून वाकड्या पेशी आधी तिथे अडकतात. रक्तपुरवठा तुटतो आणि प्लीहेचा काही भाग मरतो. डाव्या बरगडीखाली अचानक उठणारी तीव्र कळ, मळमळ, उलटी, ताप अशी लक्षणे उंचावर पोहोचल्यावर एक-दोन दिवसांत दिसतात. रुग्ण आणि तपासणाराही तिला पित्ताची किंवा मुतखड्याची कळ समजू शकतात. ‘मी सिकलसेलचा वाहक आहे’ एवढे वाक्य रुग्णाने सांगितले, तर निदान सोपे होते. ऑक्सिजन, पुरेसे द्रव आणि तातडीने खाली आणणे हे उपचाराचे पहिले टप्पे.

याचा अर्थ वाहकाने डोंगर पाहूच नये असा नाही. बहुसंख्य वाहक उंचावर जाऊन सुखरूप परततात. त्याने हळू चढावे, पाणी कमी पडू देऊ नये, अति दमछाक टाळावी आणि डाव्या बरगडीखालच्या कळेकडे दुर्लक्ष करू नये. ‘एसएस’ रुग्णाची गोष्ट वेगळी. कमी ऑक्सिजन, थंडी आणि शरीरातील पाणी कमी होणे, या तिन्हींनी त्याला वेदनांचा झटका येऊ शकतो आणि लडाखमध्ये तिन्ही एकत्र भेटतात. त्याने तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय, आणि एकट्याने तर मुळीच, जाऊ नये.

शोध घेणे सोपे आहे. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतून वाहक की रुग्ण हे कळते. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सरकारी आरोग्य संस्थांत ही तपासणी मोफत होते. त्याच वेळी हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखरही पाहून घ्यावी. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल, तर विरळ हवेत ती उणीव दुप्पट जाणवते. हृदयविकार, दमा, अपस्माराचा पूर्वेतिहास असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी बेत ठरवण्याआधीच डॉक्टरांना भेटावे.

एकटेपणाचा खरा धोका

२०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीची दहशत होती. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती मारली गेली, तोवर शेतात एकट्याने जायचे नाही, अंधाराआधी परतायचे, हे गावागावांत अंगवळणी पडले होते. तिथे धोका बाहेर होता आणि डोळे-कान शाबूत होते. उंचावरचा धोका आतून येतो आणि सर्वांत आधी विचारशक्तीच घेरतो.

मेंदूला सूज येऊ लागली की माणूस अडखळतो, चिडतो, असंबद्ध बोलतो आणि ‘मला काही झालेले नाही’ असे ठासून सांगतो. गटात असेल तर सोबती त्याला खाली नेतात. एकटा असेल तर तो गाडीला किक मारून पुढच्या खिंडीकडे निघतो. फुप्फुसात पाणी भरणे हा दुसरा जीवघेणा प्रकार. बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, पुढे फेसाळ गुलाबी थुंकी. तो बऱ्याचदा दुसऱ्या रात्री बळावतो, आणि त्या रात्री खोलीत दुसरे कोणी नसते.

म्हणून एकट्याने जाणाऱ्याने आपले निर्णय घरीच, डोके ठिकाणावर असताना, कागदावर लिहावेत. डोके दुखत असेल तर वर जायचे नाही. विश्रांती घेऊनही त्रास वाढला तर खाली उतरायचे, वेळ दिवसाची असो वा रात्रीची. रोज सकाळी टाचेला बोटे लावत सरळ रेषेत दहा पावले चालून पाहायचे. तोल गेला तर गाडीला हात लावायचा नाही, मदत मागायची. हे नियम तिथे बदलायचे नाहीत.

त्या कागदाची एक प्रत घरच्या किंवा मित्राच्या हाती हवी. त्यात रोजचा मुक्काम, तिथला फोन आणि फोनची ठरलेली वेळ असावी. फोनवरच्या माणसाने ‘कसा आहेस?’ एवढेच न विचारता जेवलास का, डोके दुखते का, झोप लागली का, हे विचारावे आणि उत्तरे तुटक वा विसंगत आली तर हॉटेलच्या मालकाला फोन करावा. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, म्हणून पोस्टपेड सिम घ्यावे. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे मात्र गुन्हा आहे.

गोळ्या, डबे आणि आकडे

अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध श्वसनाला चालना देऊन जुळवणी लवकर घडवते. ते चढण्याच्या आदल्या दिवसापासून घेतात. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते घातक ठरू शकते, त्यामुळे मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. गोळी घेतली म्हणून घाईने चढायची मुभा मिळत नाही. दुकानात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटेच पुरतो. तो खाली उतरण्याला पर्याय नाही. बोटावरच्या ऑक्सिमीटरमध्ये लेहला ९० च्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नये, पण आकडा बरा आहे म्हणून धापही अंगावर काढू नये. झोपेच्या गोळ्या आणि दारू पहिले काही दिवस पूर्ण वर्ज्य. दोन्हींनी रात्रीचा श्वास मंदावतो.

कापसाच्या जिल्ह्यातून निघणाऱ्याने सुती कपडे मात्र अंगालगत घालू नयेत. घामाने वा पावसाने भिजलेले सूत लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, त्यावर उबदार थर, सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जाकीट. बंद खोलीत किंवा तंबूत शेगडी पेटवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून पिण्याचे पाणी तीन मिनिटे खळखळू द्यावे. अतिनील किरणे दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. काळा चष्मा शोभेसाठी नसतो.

खिशात एक कार्ड असावे. नाव, रक्तगट, सिकलसेल तपासणीचा निकाल, चालू औषधे, अ‍ॅलर्जी आणि घरचे दोन फोन क्रमांक. आपत्कालीन क्रमांक ११२. लेहच्या सोनम नुरबू स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांना उंचीच्या आजाराचे रुग्ण नवे नाहीत. प्रवासी शुद्धीवर नसेल, तर त्याच्या वतीने त्यांच्याशी हे कार्डच बोलेल.