अर्धा कोयता

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एक बाकडं आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. १ मे १९६० रोजी राज्यं वेगळी झाली, तेव्हा सीमारेषा स्थानकाच्या मधूनच गेली. येणारे-जाणारे हौसेने त्या बाकड्यावर बसून फोटो काढून घेतात. दिवाळीच्या आगेमागे याच सीमेवरून नंदुरबार-धुळ्याकडची आदिवासी कुटुंबं सुरत जिल्ह्यात उसतोडीला जातात. ती बहुतेक मुकादमाच्या ट्रकमधून निघतात, आणि भांडी, अंथरूण, कोंबड्या, पोरं असं सगळं बिऱ्हाड सोबत असतं. पोरं सीमा ओलांडतात, त्यांचं हजेरीपटावरचं नाव मात्र गावातच राहतं.

याच सुरत जिल्ह्यातलं बारडोली म्हटलं की मराठी वाचकाला १९२८चा सत्याग्रह आठवतो. स्वातंत्र्यानंतर त्याच मातीत सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. बारडोली, मढी, चलथाण, सायण, महुवा, कामरेज ही कारखान्यांची गावं एकमेकांपासून फार लांब नाहीत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६०च्या दशकापासून या भागात येत राहिले. १९७०च्या दशकात त्यांनी इथल्या ऊसतोडीवर लिहिलं आणि एक विसंगती नेमकी पकडली. गावातलाच भूमिहीन हळपती मजूर रिकामा बसलेला असताना कारखाने खानदेशातून टोळ्या आणत होते. लांबून आणलेला, उचलीने म्हणजे आगाऊ रकमेने बांधलेला मजूर रात्री-अपरात्रीही कामाला उभा राहतो, हे त्यामागचं गणित. आज डांग आणि तापी जिल्ह्यांतूनही माणसं येतात. टोळी, मुकादम आणि उचल ही रचना मात्र तीच आहे.

या रचनेत माणूस मोजला जात नाही, कोयता मोजला जातो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तो अर्धा कोयता. मजुरी टनावर मिळते. गुजरात सरकारने २०२३ मध्ये तोडणी-भरणीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. मजूर संघटना त्यासाठी बरीच वर्षं झगडत होत्या. दर वाढला, पण तो टनावरच राहिला. ऊस तोडणारे हात जितके जास्त, तितके टन जास्त. उचल जितकी लवकर फिटेल, तितकं बरं, कारण या भागात उचलीवर हंगामाला पन्नास टक्के व्याज लावल्याच्या नोंदी मजूर संघटनांनी केल्या आहेत. मग बारा-तेरा वर्षांची मुलगी या हिशेबात आपोआप ओढली जाते.

पडावावरचा, म्हणजे मजुरांच्या तळावरचा तिचा दिवस पाहावा. पहाटे अंधारातच चूल पेटते, कारण उजाडायच्या आत टोळी फडात पोचायला हवी. भाकऱ्या झाल्या की पाणी भरायचं, धाकट्याला काखेत घ्यायचं आणि आईच्या मागे चालू लागायचं. बाळ बांधावर निजलं की मोकळे हात कामाला लागतात. बाप तोडतो, आई पाला सोलते आणि ही उसाचीच पानं पिळून मोळ्यांना आळे घालते. उसाच्या पानाची कड धारदार असते, त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंत बारीक चरे उठतात. संध्याकाळी ट्रक आला की मोळ्या डोक्यावरून चढवायच्या, आणि ट्रक केव्हा येईल याचा नेम नाही. एवढं करून मुकादमाच्या वहीत तिच्या नावाची ओळ नसते. तिचं काम आई-बापाच्या टनात मुरून जातं. म्हणूनच पाहणीला कोणी आलं की ‘ती काम करत नाही, भावाला सांभाळते’ असं सांगता येतं, आणि ते पूर्ण खोटंही नसतं.

कायदा तिला कुठवर साथ देतो? शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी तो थेट स्थानिक प्राधिकरणावर टाकतो आणि जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू देत नाही. पण त्याची हद्द सहा ते चौदा. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्यांना कामावर ठेवायला बंदी आली, पण शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या कामात मदत करायला मोकळीक राहिली. चौदा ते अठरा वयोगटाला मनाई आहे ती फक्त धोकादायक कामांची. मुलगी चौदाची झाली की शाळेचा कायदा तिचा हात सोडतो आणि मजुरीचा कायदाही सैल होतो. नेमक्या त्याच वयात पडावावर तिच्या लग्नाचा विषय निघतो, कारण लग्न झालं की दोन अर्धे कोयते मिळून एक पूर्ण कोयता होतो आणि उचल वाढते. तिच्या शाळेच्या आड सगळ्यात जास्त हा हिशेब येतो. पालकांचं अज्ञान त्यामानाने फार कमी येतं.

भाषेची अडचण वेगळीच. घरी मावची किंवा भिलोरी, गावच्या शाळेत मराठी, आणि पडावाजवळच्या शाळेत गुजराती. नुकती अक्षरं जुळवायला लागलेल्या मुलापुढे शिरोरेघ नसलेली लिपी येते, आणि त्यात ‘ख’, ‘ज’, ‘ब’ ओळखू येत नाहीत. सुरत महापालिकेची शिक्षण समिती मराठी, उडिया, तेलुगूसह सात माध्यमांच्या शाळा चालवते. लिंबायत-उधन्याच्या खानदेशी वस्त्यांना तो मोठा आधार आहे. उसाच्या फडापर्यंत मात्र ती सोय पोचत नाही.

उपाय कुणाला सुचलेच नाहीत असं नाही. औरंगाबादच्या जनार्थ संस्थेने महाराष्ट्रात कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालवल्या. गुजरातमध्ये तंबूतले वर्ग निघाले. मात्र पडाव हलला की असा वर्ग मोडतो, आणि मूल फडाच्या तोंडाशीच राहतं. त्यापेक्षा मूल गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह जास्त टिकतं. आंध्रात शांता सिन्हा यांच्या एम. व्ही. फाउंडेशनने शाळेबाहेरचं प्रत्येक मूल मजूरच धरलं आणि निवासी सेतुवर्गांतून हजारो मुलांना वयानुरूप वर्गात बसवलं. त्या कामासाठी सिन्हा यांना २००३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मोठ्या मुलींसाठी २००४ पासून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आहेत. पूर्वी ती आठवीला थांबत. २०१८ नंतर त्यांना बारावीपर्यंत वाढवण्याची मुभा मिळाली. नंदुरबारच्या मुलीच्या दृष्टीने ही चार वर्षं फार मोलाची आहेत. चौदा ते अठरा हेच ते वय.

आता प्रश्न उरतो तो वेळेचा. मुकादम पावसाळ्यातच घरी येतो. कणगीत धान्य तळाला गेलेलं असतं, आणि तो रोख रक्कम हातावर ठेवून किती कोयते येणार ते ठरवून जातो. वसतिगृहाच्या खाटेचा शब्दही मुलीच्या आईला त्याच आठवड्यात मिळायला हवा. दिवाळीनंतर मंजुरी येईपर्यंत ट्रक सीमेपलीकडे गेलेला असतो.