वारीच्या वाटेवरील सोबती : लहान ध्वनिक्षेपक कसा निवडावा?

आषाढ शुद्ध एकादशी दृष्टिपथात येऊ लागली, म्हणजे वऱ्हाडातील गावोगावी पताका झटकल्या जातात, मृदंगाच्या वाद्या ताणल्या जातात आणि पडशी भरावयास काढली जाते. वीणा, टाळ, तुळशीवृंदावन, ज्ञानेश्वरीची पोथी, कंदील, घोंगडी अशी ही सामानाची यादी पिढ्यान् पिढ्या ठरून गेलेली. अलीकडे तीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. पाण्याच्या तांब्याएवढा अथवा त्याहूनही लहान, तारेवाचून वाजणारा, खांद्याला अडकवून नेता येणारा ब्लूटूथ स्पीकर आता दिंडीत, देवदर्शनाच्या गाडीत आणि माहूरगडाच्या पायऱ्यांवरही दिसू लागला आहे.

आमच्या लोहाऱ्यातील आणि यवतमाळ परिसरातील भजनी मंडळी आम्हांस वरचेवर विचारतात, "महाराज, हा स्पीकर घ्यावा की न घ्यावा? घ्यावा तर कसा पारखावा?" कीर्तनकाराने यंत्रांची चर्चा कशाला करावी, असे कोणास वाटेल. परंतु ही वस्तू बहुधा मंडळाच्या वर्गणीतून येते. त्या वर्गणीत निंदणाच्या मजुरीतून बाजूला काढलेली दहाची नोटही असते. तो पैसा सत्कारणी लागावा आणि भजनाचा भंगही होऊ नये, एवढ्यासाठी हा विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी प्रयोजन, मग खरेदी

आपल्या शास्त्रकारांनी कोणत्याही ग्रंथाच्या आरंभी प्रयोजन सांगावे असा दंडक घातला आहे. खरेदीसही तोच लागू आहे. स्पीकर नेमका कशासाठी हवा, याचे उत्तर आधी एकमताने ठरवावे. मुक्कामावर पंचवीस-तीस मंडळींना संध्याकाळी प्रवचनाचे ध्वनिमुद्रण ऐकावयाचे असेल, तर एक प्रकार. एकट्या वृद्धेला सकाळी विष्णुसहस्रनाम ऐकावयाचे असेल, तर दुसरा. आणि उघड्या मैदानावर शेकडो श्रोत्यांसमोर कीर्तन व्हावयाचे असेल, तर या लहान यंत्राचे ते कामच नव्हे. तेथे रीतसर ध्वनिवर्धक व ध्वनिक्षेपकच लागतात.

या वस्तूच्या साधारण तीन जाती आहेत. पहिली मुठीत मावणारी, तीन ते पाच वॅटची आणि दोन-तीनशे ग्रॅम वजनाची. दुसरी तांब्याच्या वा बाटलीच्या आकाराची, दहा ते वीस वॅटची, अर्धा किलोच्या आसपास. तिसरी चाकांवर ओढावयाची, माइक जोडण्याची सोय असलेली, कित्येक किलोंची. पायी चालणाराने तिसरीचा मोह धरू नये. पहिल्या दिवशी हलके वाटणारे ओझे आठव्या दिवशी खांदा सोलून काढते, हे वारकऱ्यास सांगावयास नको. पायी दिंडीस दुसरी जात पुरते, एकट्यादुकट्यास पहिली.

वॅटचा आकडा आणि कानाचा हिशेब

दुकानदार पहिल्याने वॅटचा आकडा सांगतो. दहा वॅटचा स्पीकर पाच वॅटच्या दुप्पट मोठ्याने वाजेल, असा आपला समज होतो. कानाचा हिशेब मात्र निराळा आहे. वॅट दुप्पट झाले म्हणजे ध्वनीची पातळी केवळ तीन डेसिबलने वाढते. कानास आवाज सुमारे दुप्पट वाटावयास दहा डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. तेव्हा वॅटच्या आकड्यासाठी दुप्पट दाम मोजण्यापूर्वी थांबावे.

दुसरी गोष्ट अंतराची. आपल्या दर्शनकारांनी शब्दास आकाशाचा गुण म्हटले. आधुनिक पदार्थविज्ञान सांगते की, ध्वनीला प्रवासासाठी हवेसारखे माध्यम लागते आणि उघड्यावर अंतर दुप्पट झाले म्हणजे त्याची पातळी सुमारे सहा डेसिबलने उतरते. एका मीटरवर ८० डेसिबल असलेला आवाज दोन मीटरवर ७४, चार मीटरवर ६८, आठ मीटरवर ६२ आणि सोळा मीटरवर ५६ एवढाच उरतो. साधे बोलणे एका मीटरवरून साठच्या आसपास असते. यावरून ध्यानात येईल की, शांत माळावर आठ मीटरच्या वर्तुळात बसलेल्या मंडळींस लहान स्पीकर ऐकू येईल. त्यापलीकडे तो पुटपुटेल. देवळाच्या सभामंडपात दगडी भिंती आवाज परत देतात म्हणून तोच स्पीकर तेथे भारदस्त वाटतो. दुकानही चार भिंतींचेच असते. म्हणूनच तेथे ऐकलेला आवाज माळावर मिळत नाही.

यावर उपाय सोपा आहे. मंडळींनी रांगेत न बसता वर्तुळात बसावे, स्पीकर मध्यभागी कमरेएवढ्या उंचीवर ठेवावा आणि ज्यांस कमी ऐकू येते अशा वृद्धांस जवळ बसवावे. दिंडीच्या शेवटच्या फळीत चालणारी आजी मुक्कामावर पुढे बसली पाहिजे. हा विवेक कोणत्याही यंत्राबरोबर विकत मिळत नाही.

'स', 'श' आणि 'ष' यांची कसोटी

मग पारख कशी करावी? तरुण मंडळी धडाधड वाजणारे गीत लावून पाहतात. आमच्या मते ती कसोटी चुकीची. मृदंगाच्या डाव्या अंगाचा खर्ज उमटविण्यास पुष्कळ हवा ढकलावी लागते आणि मुठीएवढ्या पडद्यास ते पेलत नाही. लहान यंत्राकडून खर्जाची अपेक्षाच करू नये. आपणांस हवे आहेत शब्द. म्हणून जाताना आपल्या मोबाइलमध्ये तीन मुद्रणे न्यावीत : एक वृद्ध पुरुषाच्या आवाजातील हरिपाठ, एक स्त्रीकंठातील ओव्या आणि एक संस्कृत स्तोत्र. स्पीकर दुकानाबाहेर उघड्यावर ठेवावा, दहा पावले दूर जावे आणि डोळे मिटून ऐकावे. 'स', 'श' आणि 'ष' वेगळे कळतात काय? जोडाक्षरे फुटतात की चिकटतात? आवाज पूर्ण वाढविल्यावर टाळाची किणकिण कर्कश होते काय? 'स', 'श' यांसारख्या घर्षकांचा ध्वनी उंच कंप्रतेचा असतो. सुमार यंत्रात तोच प्रथम विटतो. या कसोटीस उतरलेला दहा वॅटचा स्पीकर न उतरलेल्या वीस वॅटच्या स्पीकरहून श्रेष्ठ समजावा.

पाऊस, चिखल आणि वीज

आषाढाची वाट म्हणजे पाऊस आणि काळ्या मातीचा चिखल. खोक्यावर 'आयपी' या अक्षरांपुढे दोन अंक असतात. पहिला धुळीविषयी, दुसरा पाण्याविषयी. दुसऱ्या जागी ४ असेल तर शिंतोडे सोसतील, ५ असेल तर पाण्याची धार सोसेल, ७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहूनही यंत्र बिघडू नये, असा अर्थ. अंकाच्या जागी 'एक्स' असल्यास त्या बाबतीत मानांकन दिलेले नाही, एवढेच समजावे. वारीस 'आयपी ६७' उत्तम, निदान 'आयपीएक्स ५' हवेच. मात्र चार्जिंगच्या छिद्रावरील रबरी झाकण घट्ट लावलेले असेल तरच हे अभय टिकते. आणि ओल्या यंत्रास वीज कधीही जोडू नये.

बॅटरी दहा-बारा तास चालते असे खोक्यावर लिहिलेले असते. हा हिशेब बहुधा मध्यम आवाजाचा असतो. पूर्ण आवाजात ती पुष्कळच लवकर संपते. मुक्कामाच्या शाळेत अथवा देवळात एकाच खटक्याभोवती वीस मोबाइल लोंबत असतात, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. म्हणून मोबाइलच्याच तारेने, म्हणजे 'टाइप-सी'ने, भारित होणारा स्पीकर घ्यावा आणि दहा हजार मिलीअँपिअर-तासांची एक पॉवर बँक मंडळाने बाळगावी. दोन हजारांची बॅटरी असलेला लहान स्पीकर तीवर तीनेक वेळा भरून निघतो. लिथियमची ही बॅटरी उशाखाली, अंथरुणात किंवा बंद गाडीच्या उन्हात ठेवू नये. फुगलेली दिसल्यास वापर तत्काळ थांबवावा व ती कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' या अक्षराने आरंभ होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. ब्लूटूथ स्पीकरला ही नोंदणी सक्तीची आहे. नावाशी नाव जुळणाऱ्या नकली मालापासून ती काही अंशी रक्षण करते. पक्की पावती घ्यावी, हे वेगळे सांगणे नलगे.

तारेवाचूनचे गूढ

पुष्कळांस वाटते की ब्लूटूथला इंटरनेट लागते. तसे नाही. मोबाइल व स्पीकर यांत सुमारे दहा मीटरपर्यंत रेडिओ लहरींनी होणारा तो खासगी संवाद आहे. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ साली त्याच्या संशोधनास आरंभ झाला आणि दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाच्या उपनामावरून त्यास नाव मिळाले. त्याच्या कितीतरी आधी, १८९५ साली, जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात तारेवाचून दूरवरची घंटा वाजवून दाखविली होती, याचे स्मरण आपण ठेवावे. रानात मोबाइलला संपर्क नसला तरी आधी साठवून ठेवलेली मुद्रणे वाजतातच. मेमरी कार्डाची सोय असल्यास मोबाइलही लागत नाही, आणि रेडिओ असल्यास यवतमाळच्या परिसरात आकाशवाणी ऐकता येते.

एक मर्यादा मात्र कीर्तनकारांनी पक्की ध्यानात धरावी. ब्लूटूथवरून ध्वनी पोहोचण्यास सेकंदाचा दशांश, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. मुद्रण ऐकताना हे जाणवत नाही. पण मोबाइलमध्ये बोलून तोच आवाज ब्लूटूथ स्पीकरवर ऐकू लागल्यास आपलाच शब्द मागाहून येतो आणि टाळ व गळा यांची फारकत होते. प्रत्यक्ष गायनासाठी तारेने जोडलेला माइकच हवा. कमरेस बांधावयाचा आणि गळ्याजवळ माइक असलेला लहान ध्वनिवर्धक प्रवचनकारास ब्लूटूथहून अधिक उपयोगी आहे.

शेजारधर्म

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असू शकते. काकडा पहाटेचा, म्हणजे नियमाने रात्रीचाच. तो उघड्या गळ्याने म्हणावा, यंत्रावर नव्हे. ज्या गावाने आपणांस भाकरी दिली, ओसरी दिली, त्या गावातील तान्ह्या बाळाची आणि दिवसभर राबलेल्या शेतकऱ्याची झोप मोडणे हा कसला धर्म? धामणगावाहून रेल्वेने जाणाऱ्यांनी डब्यात स्पीकर लावूच नये. रस्त्याने चालतानाही तो बंद असावा. मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा ऐकू न येणे जिवावर बेतते.

मुख मिटू नये

आता ज्यासाठी हा लेखनप्रपंच केला, ती गोष्ट. आम्ही एका दिंडीत पाहिले, मुक्कामावर थकल्या मंडळींनी नामवंत गायकाचे अभंग स्पीकरवर लावले. आवाज गोड होता, ताल निर्दोष होता. पण पाच मिनिटांत पन्नास मुखे मिटली. ज्या म्हाताऱ्याचा सूर नेहमी किंचित हलतो, पण ज्यास शेकडो अभंग मुखोद्गत आहेत, तो मुकाट बसून राहिला. दुसऱ्या दिवशी एका मुलाने स्पीकर बंद करून त्याच बाबांना म्हटले, "आबाजी, तुम्हीच सांगा ना, आम्ही मागे म्हणतो." मग सारी ओसरी गाऊ लागली.

मनुस्मृतीत मोठ्याने केलेल्या जपाहून ओठांतला जप आणि त्याहूनही मनातला जप श्रेष्ठ सांगितला आहे. मोठ्या आवाजास तेथे अधिक पुण्य दिलेले नाही. यंत्र नाम उच्चारते, पण जप करीत नाही. तो करणारा कोणी मनुष्यच लागतो.

म्हणून आमची सूचना अशी. मंडळाने स्पीकर अवश्य घ्यावा. आजाऱ्यास, अंथरुणास खिळलेल्या वृद्धास, वाचता न येणाऱ्या मायबहिणीस तो मोठा आधार आहे. नव्या मुलांस चाल शिकविण्यासही तो उपयोगी पडतो : एकदा ऐकावी, मग यंत्र बंद करून स्वतः म्हणावी. दिवसातून किती वेळ लावावा, हे दिंडी निघण्यापूर्वीच ठरवून विणेकऱ्याच्या हाती त्याचा अधिकार द्यावा. आणि आपल्या दिंडीतील आबाजींचे अभंग मोबाइलवर त्यांच्या संमतीने मुद्रित करून ठेवावेत. पुढे कधी त्यांना चालवेनासे झाले, तर त्याच लहानशा स्पीकरमधून त्यांचा थोडा हललेला सूर दिंडीबरोबर पंढरीस जाईल, आणि मागे म्हणावयास मंडळी असतीलच.

सर्व वारकऱ्यांची वाटचाल निर्विघ्न होवो, ही पांडुरंगाचरणी प्रार्थना.