कानात तेल घालण्यापूर्वी

मुलांचा कान बहुधा रात्रीच दुखतो. दिवसभर हुंदडलेले पोर सर्दी घेऊन झोपते आणि मध्यरात्री कान धरून रडत उठते. दवाखाना बंद. मग आजी स्वयंपाकघरात जाते. पळीत तेल, त्यात ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, आणि कोमट झाले की दोन थेंब कानात. कोणाकडे तुळशीचा रस, तर कोणाकडे ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून कानाला शेक.

यांतला शेक चांगला. उबेने वेदना सुसह्य होते आणि कानात काही जात नाही. पुरचुंडी आधी आपल्या मनगटाला लावून पाहावी, म्हणजे झाले.

तेलाचे तसे नाही. नाकाच्या मागून मध्यकर्णाकडे एक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे सर्दीचा त्रास कानापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. पडद्यामागे पू साठतो, पडदा ताणतो आणि ठणका लागतो. बाहेरून घातलेले तेल धड पडद्यापलीकडे जातच नाही. मग गुण कसा येतो? थोडा उबेचा, थोडा आजीच्या मांडीचा. शिवाय अशी बरीच दुखणी दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतात.

खरी फसगत पुढे आहे. ताण असह्य होऊन पडदा फाटला, की पू वाट काढतो आणि कळ एकदम थांबते. मूल शांत झोपते, सकाळी उशीवर डाग दिसतो. घरचे म्हणतात, तेल लागू पडले! आणि त्याच भोकातून दुसऱ्या दिवशीचे तेल आत जाते. सुश्रुतसंहितेने कानाचे २८ रोग सांगताना कर्णशूल वेगळा आणि कर्णस्राव वेगळा मोजला आहे. सगळ्यांना एकच पळी लावली ती आपण. पावसाळ्यात दमट कानात बुरशी धरते, तेव्हाही तेल नकोच.

तेव्हा रात्रीपुरता शेक, डॉक्टरांनी सांगून ठेवलेल्या मापाने पॅरासिटामॉल, आणि सकाळी दवाखाना. कान वाहत असेल, कानामागे सूज असेल, ताप चढत असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, तर सकाळचीही वाट पाहू नये.

ठणका गेल्यावरही काही मुलांच्या पडद्यामागे पाणी साचून राहते. दुखत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मूल टीव्हीचा आवाज वाढवते, हाकेला ओ देत नाही, वर्गात मागे पडते. ‘कानात तेल घालून बसलास का रे?’ असे खेकसण्याआधी त्याचा कान एकदा तपासून घ्यावा.