वाम, अहिर, उनागी : ईलच्या ओळखीतले गैरसमज

अंधेरीच्या सहार कार्गो संकुलातून मासळीची आयात-निर्यात होते. तिथे ‘ईल’ असे लिहिलेली पेटी आली, तर आतला मासा नेमका कोणता, यावर पुढचे सगळे ठरते.

गैरसमज : बाजारातली वाम म्हणजेच तस्करी होणारा संकटग्रस्त ईल.
वस्तुस्थिती : वर्सोवा, बोरिवली, मुलुंडच्या बाजारात दिसणारी वाम समुद्रातली. तिचा जबडा लांब आणि दात मोठे, तीक्ष्ण असतात. देशावरच्या नद्यांतली वाम तिसरीच. तिच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. जगभर तस्करी होते ती अँग्विला गटातल्या ईलची. त्याला काटे नसतात, छातीशी दोन पर असतात, आणि पाठीवरचा पर शेपटीला वळसा घालून पोटाखाली सलग जातो. कोकणातल्या नद्यांतला अहिर याच गटातला.

गैरसमज : ईलच्या सगळ्याच व्यापाराला बंदी आहे.
वस्तुस्थिती : वन्यजीव व्यापारावरच्या ‘सायटिस’ करारात युरोपीय ईलचे नाव दुसऱ्या परिशिष्टात आहे, ही नोंद २००९ पासून लागू झाली. म्हणजे व्यापार करता येतो, पण परवान्यानेच. युरोपीय संघाने मात्र २०१० च्या अखेरीस आपल्या हद्दीबाहेरची निर्यात थांबवली. भारतातही, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, सायटिसमधल्या जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. जपानी आणि अमेरिकी ईल संकटग्रस्त असूनही या परिशिष्टांत नाहीत. त्यामुळे युरोपीय माल त्यांच्या नावावर खपवण्याची वाट उघडी राहते.

गैरसमज : तलावात वाढवलेला ईल खाल्ल्याने निसर्गाचे काही जात नाही.
वस्तुस्थिती : ईल समुद्रात जन्मतो, नदीत वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा समुद्रात जातो. युरोपीय ईलसाठी तो सर्गासो समुद्र. जपानमध्ये २०१० साली प्रयोगशाळेत जपानी ईलचे जीवनचक्र पूर्ण झाले, तरी व्यापारी शेतीचे बीज आजही निसर्गातूनच पकडले जाते. युरोपच्या किनाऱ्याला लागणारी पिल्ले १९८० पूर्वीच्या तुलनेत ९० टक्क्यांहून अधिक घटली आहेत.

गैरसमज : अनुभवी नजर जात ओळखतेच.
वस्तुस्थिती : मोठ्या माशात खुणा सापडतात. अहिराच्या अंगावर ठिपके-डाग असतात, युरोपीय ईल एकरंगी. पण तस्करी मुख्यतः पाच-सात सेंटिमीटरच्या, काचेसारख्या पारदर्शक पिल्लांची होते. त्यांचे मणके मोजले, तरी युरोपीय आणि जपानी ईलचे आकडे एकमेकांत मिसळतात. भाजून सॉस लावलेल्या उनागीत, म्हणजे ईलच्या जपानी पदार्थात, तर कातडीचीही खूण उरत नाही. तिथे डीएनए चाचणीच कामी येते. हाँगकाँगमध्ये दुकानांतले ईलचे पदार्थ असे तपासले, तेव्हा जवळपास निम्मे युरोपीय ईलचे निघाले. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला.

म्हणून कागदावर नुसते ‘ईल’ लिहिणे पुरेसे नाही. आयातदाराने शास्त्रीय नाव आणि मूळ देश लिहिलाच पाहिजे, आणि शंका आली की नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. उनागी मागवणाऱ्यानेही हॉटेलात जात विचारावी. उत्तर मिळाले नाही, तर दुसरा पदार्थ घ्यावा. मात्र कोळणीकडची वाम या भीतीने नाकारू नका. तिचा या तस्करीशी काही संबंध नाही.