बटण आधी, चित्र मागाहून : कमी बजेटमध्ये गेमिंगसाठी टीव्ही की मॉनिटर?

आजचा विषय गेमिंगचा पडदा. हातात साधारण पंधरा हजार रुपये आहेत असं धरू. घरी हा प्रश्न निघाला की उत्तर बहुधा आकारावरून ठरतं. एवढ्याच पैशात बत्तीस इंची टीव्ही मिळतोय, तर चोवीस इंची मॉनिटर कशाला? ऐकायला बिनतोड वाटतं. पण हा हिशेब सिनेमा बघणाऱ्याचा आहे, खेळणाऱ्याचा नव्हे.

सिनेमाचं चित्र सेकंदाचा दहावा भाग उशिरा आलं, तर टीव्ही आवाजही तेवढाच उशिरा सोडतो. आपल्याला पत्ताच लागत नाही. गेममध्ये मात्र आपण बटण दाबतो आणि त्याचं उत्तर पडद्यावर शोधतो. ते उत्तर उशिरा आलं की उडी चुकते, गोळी चुकते, बॅट चेंडू निघून गेल्यावर फिरते. या उशिराला इनपुट लॅग म्हणतात.

आता बघा, टीव्हीच्या आत काय चालतं. आलेलं चित्र तो लगेच दाखवत नाही. कडा धारदार करतो, रंग खुलवतो, दोन चित्रांच्या मधली खोटी चित्रं स्वतः तयार करतो. मधलं चित्र बनवायचं तर पुढचं येईपर्यंत थांबायलाच हवं ना! ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं. अशी पाच-सहा चित्रं रांगेत अडकली की ८० ते १०० मिलिसेकंद गेलेच. काही टीव्ही त्याच्याही पुढे जातात. त्याच टीव्हीवर गेम मोड लावला की ही रंगरंगोटी बंद होते आणि उशीर पुष्कळदा १० ते २० मिलिसेकंदांवर येतो. मॉनिटर असली कामं मुळातच फारशी करत नाही. तेव्हा दुकानात जाण्याआधी घरच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड शोधा. आपली भाची खेळायला हळू आहे असं आपण समजतो, आणि हळू असतो टीव्ही. पंधरा हजार वाचतीलही कदाचित.

गंमत म्हणजे हा आकडा खोक्यावर सहसा नसतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतं ‘१ एमएस’. तो रिस्पॉन्स टाइम, म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ. तोही कंपनीने सर्वांत अनुकूल परिस्थितीत मोजलेला. इनपुट लॅगशी त्याचा संबंध नाही. टीव्हीच्या खोक्यावरचा ‘मोशन रेट’ही तसाच; १२० लिहिलेलं असतं आणि आतला पडदा ६० हर्ट्झचा निघू शकतो. स्वस्त पडद्यावरच्या ‘एचडीआर’साठी तर एक रुपयाही जास्त देऊ नये असं आमचं मत आहे. तो पडदा एचडीआर सिग्नल घेतो, पण दाखवायला लागणारा उजेड त्याच्याकडे नसतो.

मग लॅग तपासायचा कसा? मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा काढा. सेकंदाला २४० चित्रं टिपणारा असेल, तर प्रत्येक चित्र सुमारे ४ मिलिसेकंदांचं. कंट्रोलरचं बटण आणि पडदा एकाच चौकटीत घ्या, आणि बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंतची चित्रं मोजा. यात कन्सोलचा स्वतःचा उशीरही येतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका. तोच कन्सोल, तोच गेम ठेवून दोन पडदे किंवा एकाच टीव्हीचे दोन मोड ताडून बघा. दुकानदार कन्सोल जोडू देईलच असं नाही. मग ज्याच्याकडे तो टीव्ही आहे त्या मित्राच्या घरी जा.

आता बत्तीस विरुद्ध चोवीस. स्वस्तातला बत्तीस इंची टीव्ही बहुधा ‘एचडी रेडी’ असतो, म्हणजे १३६६ गुणिले ७६८ ठिपके. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, जवळजवळ दुप्पट. टेबलावर हातभर अंतरावरून खेळताना टीव्हीवरची बारीक अक्षरं फुटतात. कॉम्प्युटर जोडून अभ्यासही करायचा असेल, तर डोळ्यांना आणखी त्रास.

हर्ट्झचं काय? १४४ हर्ट्झवर नवं चित्र दर ६.९ मिलिसेकंदांनी येतं, फरक दिसतो. पण तेवढी चित्रं पाठवणारं यंत्र हवं. पीएस ४ आणि जुना निंटेंडो स्विच ६०च्या पुढे जात नाहीत. एक्सबॉक्स सीरीज एस आणि पीएस ५ निवडक गेममध्ये १२० देतात. शिवाय काही मॉनिटरवर पूर्ण हर्ट्झ फक्त डिस्प्लेपोर्टमधून मिळतात, आणि कन्सोलला असतो एचडीएमआय. बिल करण्याआधी हे विचारून घ्या.

एकट्याने टेबलावर खेळायचं असेल, तर आम्ही आयपीएस पॅनेलचा चोवीस इंची मॉनिटर घेऊ. आयपीएसवर काळा रंग थोडा राखाडी दिसतो. व्हीए पॅनेलवर तो छान गडद असतो, पण स्वस्त व्हीएवर अंधाऱ्या दृश्यात हालचालीमागे काळपट शेपूट राहतं. आणि घरात दुसरा टीव्ही नसेल, आजीच्या मालिका आणि मुलांचा गेम एकाच पडद्यावर व्हायचा असेल, तर टीव्हीच घ्या. त्यात मॉनिटरचा हट्ट नको. फक्त तो फुल एचडी असावा आणि त्यात गेम मोड असावा, मग दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील.

मॉनिटर घेणाऱ्यांसाठी एक राहिलंच. स्वस्त मॉनिटरला पुष्कळदा स्पीकर नसतात, आणि हे घरी आणून गेम सुरू केल्यावर कळतं. पीएस ४ असेल तर घरातला साधा वायरवाला हेडफोन कंट्रोलरच्या खालच्या भोकात लावा आणि सेटिंगमध्ये हेडफोनसाठी ‘ऑल ऑडिओ’ निवडा, मग गेमचा आवाज येईल.